माजिवड्याच्या नाक्यावर चार दिवस

नाशिकहून बोरिवलीला जाणारी एस.टी. भिवंडीचा वळणरस्ता मागे टाकून खारेगावची खाडी ओलांडते आणि साकेतच्या पुलावर येते, तेव्हा समोर उंच इमारतींची दाट रांग दिसू लागते. वाहक उभा राहून "माजिवडा, माजिवडेवाले पुढे या" अशी हाळी घालतो. लासलगाव, येवला, सिन्नर, संगमनेर या भागांतील आपल्या व्यापारी कुटुंबांना हा नाका अपरिचित नाही. मुंबईहून येणारा पूर्व द्रुतगती महामार्ग, नाशिककडे जाणारा महामार्ग आणि घोडबंदरचा रस्ता असे तीन मोठे रस्ते येथे मिळतात. भायखळ्याला आणि मशीद बंदरला जाताना मी गेल्या तीस वर्षांत या नाक्यावरून किती वेळा गेलो असेन, त्याची गणती नाही. उतरलो मात्र कधीच नव्हतो. माजिवडा म्हणजे 'आता मुंबई आली' असे सांगणारी एक खूण, एवढाच त्याचा मला उपयोग होता.

मागच्या सप्टेंबरात, म्हणजे २०२५ साली, मी तेथे प्रथमच उतरलो. निमित्त भिवंडीतील एका गोदामाच्या व्यवहाराचे होते. खरे कारण माझ्या पिशवीत होते. धाकट्या चिरंजीवाचे अभियांत्रिकीचे शेवटचे वर्ष चालू होते. त्याच्या महाविद्यालयात नोकरी देण्यासाठी येणाऱ्या कंपन्यांची संख्या रोडावली होती. माजिवड्यात माझा पुतण्या राहतो. मोठ्या भावाचा हा मुलगा माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रात अकरा वर्षे काम करणारा. त्याने भावाला कोठेतरी चिकटवून द्यावे, म्हणून मी चिरंजीवाच्या बायोडाटाच्या चार प्रती घेऊन निघालो होतो.

आमच्या घराण्यात दुकानाच्या गादीवर न बसता महिन्याच्या एक तारखेला पगार घेणारा हा पहिलाच मुलगा. लासलगावात त्याचे नाव निघाले की, "त्याचे काय, तो ठाण्याला अठ्ठाविसाव्या मजल्यावर राहतो," असे आम्ही सारे सांगत असू. कांद्याच्या भावाने डोळ्यांत पाणी आणलेल्या वर्षी तर हे वाक्य घरात औषधासारखे वापरले जाई.

त्याच्या घरात पोहोचलो तेव्हा सूनबाई ऐरोलीच्या कार्यालयातून परतल्या होत्या. त्या रोज ठाणे स्थानकातून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडतात. २००४ साली ही गाडी सुरू झाल्यापासून ठाणे-डोंबिवलीची हजारो मुले-मुली ऐरोली, रबाळे, महापे येथील संगणकाच्या कामाला याच मार्गाने जातात. सज्जातून सारा नाका दिसत होता. उड्डाणपुलावरून दिव्यांच्या माळा सरकत होत्या, मेट्रोचे खांब एका रांगेत उभे होते आणि त्यांच्या खाली, इमारतींच्या बेचक्यात, जुन्या गावठाणाची बसकी घरे होती. पुतण्या माझ्याशी प्रेमाने बोलला. मी बायोडाटा पुढे केला. त्याने तो दोनदा वाचला, घडी घातली आणि म्हणाला, "पाहतो, काका."

दुसऱ्या दिवशी तो सकाळी दहा वाजता खोलीचे दार लावून बसला, तो सायंकाळी उठला. घरूनच काम असते, असे मी समजलो. तरी व्यापाऱ्याच्या नजरेला एक गोष्ट खटकली. दिवसभरात त्याला एकही फोन आला नाही. ज्या दुकानात गिऱ्हाईक नाही, त्या दुकानाची शांतता मला ओळखता येते.

त्या रात्री दोनच्या सुमारास तहान लागून मी उठलो, तेव्हा तो सज्जात बसलेला होता. मी शेजारची खुर्ची ओढली. बराच वेळ आम्ही खालची वाहने पाहत राहिलो. मग मी आमच्या धंद्यातला प्रश्न विचारला, "माल पडून आहे का रे?"

तो हसला आणि लगेच त्याचा चेहरा उतरला. "काका, तुमच्या मुलाचा बायोडाटा मी कोणाला देऊ? माझाच कोणी घेत नाही."

पंधरा मे हा त्याचा कंपनीतला शेवटचा दिवस होता. चार महिने होऊन गेले होते. हे सूनबाईंना ठाऊक होते, लासलगावात कोणालाच नव्हते. "पप्पांना कसे सांगू? ते गावभर माझे नाव सांगतात," तो म्हणाला. ते नाव गावभर सांगणाऱ्यांत मी पुढे होतो. त्यामुळे मला उत्तर सुचले नाही.

मग तो हळूहळू बोलत गेला. त्याचे काम अमेरिकेतील एका ग्राहकासाठी होते. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात सायंकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. म्हणजे आपल्या घरी दिवेलागण होते, तेव्हा त्यांचा दिवस उघडतो. सकाळी येथल्या सहकाऱ्यांच्या बैठका आणि रात्री तिकडच्या, असे दोन वर्षे चालले. प्रथम सूर्यास्तापूर्वीचे जेवण सुटले. मग जेवणाला वेळच राहिली नाही. रविवारीही भ्रमणध्वनी उशाशी राहू लागला. पुढे पुढे एकच ओळ तीनदा वाचावी लागे. पूर्वी जे काम तासात होई, त्याला अर्धा दिवस जाऊ लागला. "सर्वांत वाईट म्हणजे," तो म्हणाला, "चूक झाली तरी वाईट वाटेनासे झाले. आपले कामाशी काही नातेच नाही, असे वाटू लागले."

नंतर ग्राहकाने तो प्रकल्प बंद केला आणि पुतण्या 'बेंच'वर आला. व्यापारी वाचकांसाठी हा शब्द उलगडून सांगतो. या उद्योगातील बऱ्याच कामांत ग्राहक माणसांच्या तासांचे पैसे मोजतो. ज्या माणसाच्या तासांना ग्राहक नाही, तो कंपनीच्या वहीत नुसता खर्च असतो. वखारीत पडून राहिलेल्या मालाला भाडे लागते, तसेच हे. दोन महिन्यांनी त्याला बोलावून सांगण्यात आले की, स्वतः राजीनामा दिल्यास कागदपत्रे स्वच्छ मिळतील. अकरा वर्षांचा हिशेब वीस मिनिटांत मिटला.

हे दुर्दैव त्याच्या एकट्याचे नव्हते. ज्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची नोकरी ही सरकारी नोकरीइतकी पक्की, असे आपण मानत आलो, त्या कंपनीने २०२५ च्या जुलैत सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत मधल्या आणि वरच्या श्रेणीतील लोक अधिक होते. त्याआधी जूनमध्ये तेथे वर्षातले किमान २२५ दिवस ग्राहकाच्या कामावर असले पाहिजे आणि बेंचवरचा काळ ३५ दिवसांपेक्षा अधिक नसावा, असा नियम आला होता. माझ्या पुतण्याची कंपनी ही नव्हे. पण त्या कंपनीची दोन मोठी केंद्रे, पोखरण रस्ता क्रमांक दोनवरील यंत्र पार्क आणि हिरानंदानी इस्टेटमधील ऑलिंपस, माजिवड्यापासून काही अंतरावरच आहेत. त्यामुळे त्या जुलैत या परिसरातील कितीतरी घरांत जेवताना बोलणे कमी झाले असेल.

पुतण्याला जे झाले होते त्याला 'बर्नआउट' म्हणतात. न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ साली हा शब्द या अर्थाने रूढ केला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या आजारांच्या वर्गीकरणात त्याची व्याख्या दिली. तो आजार नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था आहे, असे ती संघटना सांगते. त्याच्या तीन खुणा तिने दिल्या आहेत: सर्व शक्ती संपल्याची भावना, कामापासून मनाने दूर जाणे किंवा त्याविषयी कडवटपणा येणे, आणि हातून काम नीट न होणे. रात्री दोन वाजता पुतण्याने मला जे सांगितले, त्यात या तिन्ही खुणा होत्या.

मला आमची कांद्याची चाळ आठवली. चाळीत कांदा चार-पाच फुटांहून उंच रचू नये आणि खालून हवा खेळती ठेवावी, हे लासलगावचे शेंबडे पोरही सांगेल. लोभाने थर वाढवला, तर वरचा पापुद्रा कोरडा आणि लालसर दिसत राहतो, आत मात्र सड सुरू होते. हात लावीपर्यंत कळत नाही. माझा पुतण्या अठ्ठाविसाव्या मजल्यावर तसाच चकाकत होता आणि आम्ही खालून त्याच्या रंगाचे कौतुक करीत होतो.

"मग आम्ही दुकानदार काय कमी तास बसतो?" असे काही वाचक म्हणतील. माझ्याही मनात ते आले. परंतु आमच्या बाजारात अमावास्येला लिलाव बंद ठेवण्याची रीत कित्येक वर्षे होती. दुपारी गिऱ्हाईक नसले की गादीवर डोळा लागतो. दुकानाचे फाटक ओढले की बाजार घरात येत नाही. पुतण्याच्या कामाला फाटकच नव्हते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो. आपल्या मुलांना आठवड्याला सत्तर आणि नव्वद तास काम करण्याचा उपदेश मोठमोठ्या उद्योगपतींकडून अलीकडे ऐकू आला. त्या उपदेशाबरोबर हा आकडाही घरात सांगितला जावा.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पुतण्याला म्हणालो, "आज खोलीचे दार लावायचे नाही. मला तुझे गाव दाखव."

तो म्हणाला, "काका, नऊ वर्षे झाली, मीही पाहिलेले नाही."

आम्ही गावठाणापासून सुरुवात केली. उंच इमारतींच्या सावलीत अजूनही अरुंद गल्ल्या आहेत, दारापुढे तुळशी आहेत, ओट्यावर बसलेली म्हातारी माणसे आहेत. भातशेती आणि खाडीच्या आधारावर जगलेले हे गाव. १९८२ साली ठाणे महानगरपालिका झाली आणि आज तिच्या एका प्रभाग समितीचे नावच माजिवडा-मानपाडा असे आहे. नाक्यावर आलो, तर रिक्षावाले या चौकाला 'गोल्डन डाईज नाका' म्हणत होते. रंगाच्या कारखान्याचे नाव चौकाला राहिले आहे, आणि तेथून चढणाऱ्या-उतरणाऱ्या बहुतेकांना ते कशाचे, हे माहीत नाही. पुढचा चौक कॅडबरीचा. कोलशेतकडे सँडोज बाग. पोखरण रस्त्याला लागले की रेमंडचे नाव. १९२५ पासूनच्या त्या लोकरी गिरणीच्या जागेवर आता निवासी मनोरे उभे आहेत. तेथून वागळे इस्टेट. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्याच्या अगदी पहिल्या वसाहतींपैकी ही एक. जेथे लेथ यंत्रे फिरत, तेथील काही गाळ्यांच्या जागी आता काचेच्या इमारती आहेत आणि त्यांत मुले संगणकापुढे बसतात.

चहाच्या टपरीवर पुतण्या म्हणाला, "या कारखान्यांतल्या लोकांनी कारखाना बंद झाल्यावर काय केले असेल?" मी म्हणालो, "कोणी रिक्षा घेतली, कोणी गाळा टाकला, कोणी गावी गेले. काहींची वाताहत झाली, हेही खरे. पण शहर थांबले नाही." त्या चालण्यात मला एक गोष्ट नव्याने दिसली. ठाण्याने आपला व्यवसाय आजवर कितीदा बदलला आहे! खाडीवरचे बंदर, मग १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून आलेल्या पहिल्या आगगाडीचे शेवटचे स्थानक, मग कापड-लोकर-रंग-औषधांचे कारखाने, आता संगणक आणि गोदामे. नाक्यांची नावे तेवढी जुन्या मालकांची राहतात. आपल्या मुलाच्या नावापुढे आपण कंपनीचे नाव लावतो, तेही बहुधा असेच राहून गेलेले नाव असते.

दुपारी टेंभी नाक्यावरील मुनिसुव्रत स्वामींच्या मंदिरात गेलो. ठाण्याचा आणि श्रीपाल राजाचा संबंध आपल्या वाचकांना सांगायला नको. धवल शेठने समुद्रात ढकललेला श्रीपाल कोकणच्या किनाऱ्याला लागला आणि चाफ्याच्या झाडाखाली झोपी गेला, ते हेच ठाणे, अशी आपल्या परंपरेची धारणा आहे. मी लहानपणापासून ती कथा ऐकतो. त्या दिवशी मात्र माझे लक्ष वेगळ्याच तपशिलाकडे गेले. सर्वस्व गमावलेला तो माणूस किनाऱ्यावर आल्यावर प्रथम झोपला. विक्रम संवत १७३८ मध्ये रांदेरला श्रीपाल रास रचू लागलेले उपाध्याय विनयविजयजी तो पूर्ण होण्यापूर्वी काळधर्म पावले आणि उरलेला भाग यशोविजयजींनी रचला. पुतण्याला हे ठाऊक नव्हते. तो म्हणाला, "म्हणजे अर्धे राहिलेले काम दुसऱ्याने पूर्ण केले आणि कोणी त्यांना अपयशी म्हटले नाही." मी काही बोललो नाही. चार महिन्यांत त्याने स्वतःविषयी 'अपयशी' हा शब्द किती वेळा वापरला असेल, याचा हिशेब मी करीत होतो.

मासुंदा तलावाच्या काठी बसलो असता त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. जूनमध्ये सूनबाईंनी त्याला ठाण्यातल्याच 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' या संस्थेत समुपदेशनासाठी नेले होते. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली ही संस्था. हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. आमच्या पिढीत कोणी विचित्र वागला की "याला ठाण्याला पाठवा" असे म्हणण्याची पद्धत होती, कारण १९०१ पासून येथे मनोरुग्णालय आहे. त्या थट्टेत मीही हसलेला आहे. आज माझ्याच घरचा मुलगा ठाण्यात बसून मला सांगत होता की, तेथे गेल्यामुळे त्याला पुन्हा झोप लागू लागली होती, आणि सलग नकार आल्याने ती परत गेली होती. दात दुखला तर आपण दातांच्या डॉक्टरकडे जातो. मनासाठी जाण्यात कमीपणा मानतो, आणि त्या कमीपणाच्या भीतीने मुले गप्प राहतात. ज्यांना प्रत्यक्ष जाणे जमत नाही, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. हा क्रमांक प्रत्येक घरी लिहून ठेवावा.

त्या सायंकाळी सूर्यास्तापूर्वी सर्वांनी एकत्र जेवण केले आणि आम्ही दोघांनी वही उघडली. नोकरी कशी शोधावी, हे मला कळत नाही. वही कशी लिहावी, हे कळते. आधी घराचा खर्च, कर्जाचा हप्ता आणि शिल्लक मांडली. सूनबाईंच्या पगारात हप्ता भागत होता, बाकी खर्चाला आठ महिने पुरेल एवढी पुंजी होती. आकडा कागदावर उतरताच पुतण्याचे खांदे सैल झाले. न मोजलेला तोटा नेहमी मोजलेल्या तोट्यापेक्षा मोठा वाटतो.

आरोग्य विम्याची ओळ आली, तेव्हा त्याच्या लक्षात आले की कंपनीचा गट विमा शेवटच्या दिवसाबरोबर संपला होता. तो विमा त्याच कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत वळवून घेता येतो, पण अर्ज मुदतीत करावा लागतो. ती मुदत टळली होती. आपल्या मुलांनी नोकरीत असतानाच कुटुंबाचा स्वतंत्र विमा काढावा, हा धडा आम्ही उशिरा शिकलो. भविष्य निर्वाह निधी मोडण्याचा विचार त्याने केला होता. आठ महिन्यांची पुंजी दिसल्यावर तो सोडून दिला. सोडचिठ्ठीचे पत्र, शेवटच्या पगारपावत्या, फॉर्म १६ हे सारे एका फायलीत लावले. नवी कंपनी हे सारे तपासते.

मग नोकरीच्या अर्जांची खतावणी केली. कोणत्या तारखेला, कोणाकडे, कोणाच्या ओळखीने, उत्तर काय. पूर्वी तो संकेतस्थळांवर रात्री अंदाधुंद अर्ज पाठवीत असे. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत अर्ज प्रथम संगणकाच्या यंत्रणेत जमा होतात. जाहिरातीतले शब्द अर्जांत शोधून तेथे त्यांची चाळणी होऊ शकते. एकच कागद सर्वांना पाठवला की तो अशा चाळणीत मागे पडू शकतो. वही मांडल्यावर स्पष्ट दिसले की ज्या थोड्या ठिकाणांहून बोलावणे आले होते, ती जवळपास सगळी जुन्या सहकाऱ्यांच्या शब्दावर आली होती. यात आश्चर्य ते काय? आपल्याकडे हुंडी ओळखीवर आणि पतीवरच वटत आली आहे. "मग उरलेल्या सहकाऱ्यांना का सांगितले नाहीस?" मी विचारले. "लाज वाटली," तो म्हणाला. एका ठिकाणाहून नोकरी पक्की म्हणून 'नोंदणी'चे पैसे मागणारा फोनही आला होता. नोकरी देणारा कधी पैसे मागत नाही. मागितले की तो सौदा खोटा, हे व्यापाऱ्याच्या मुलाला तरी सांगावे लागू नये. पण चार महिन्यांची बेकारी भल्याभल्यांची पारख घालवते.

चौथ्या दिवशी मी त्याला भिवंडीला बरोबर नेले. माणकोलीपासून मैलोगणती गोदामे आहेत. आमचा व्यवहार अर्ध्या तासात झाला, पण पुतण्या दोन तास बाहेर आला नाही. खोक्यावरची पट्टी यंत्राने वाचल्यावर माल कोणत्या फळीवर आहे हे कसे कळते, परत आलेला माल कोठे नोंदवतात, वीज गेली तर काय करता, असे तो तेथल्या व्यवस्थापकाला विचारत राहिला. परतताना रिक्षात त्याने स्वतःहून कागद काढून काहीतरी आकृती काढली. त्यातून त्याला नोकरी मिळाली, असे मुळीच नाही. पण कित्येक महिन्यांनी त्याला एखादे काम कसे चालते, हे जाणून घ्यावेसे वाटले होते. नोकरी पुढे डिसेंबरात मिळाली, पूर्वीपेक्षा कमी पगाराची, रात्रीच्या बैठका आठवड्यातून एकदाच असलेली. त्या दिवशी मात्र आम्हाला ते ठाऊक नव्हते.

रात्री मला झोप लागली नाही. कारण आमच्या धंद्यातली गेली काही वर्षे डोळ्यांपुढे आली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले, त्याच वर्षीच्या ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली, ती २०२४ च्या मे महिन्यात अटींसह सुरू झाली, आणि उरलेले शुल्क १ एप्रिल २०२५ पासून गेले. दिल्लीत एक कागद निघाला आणि लासलगावात आमचा माल रात्रीत अर्ध्या किमतीचा झाला. त्या वर्षी मला मोठा तोटा आला. पण कोणी मला 'तू अर्ध्या किमतीचा झालास' असे म्हटले नाही. भाव पडला, असे म्हटले. भाऊ, मेहुणे, शेजारचे अडते येऊन बसले, चहा झाला, कोणी उधारीला मुदत दिली. व्यापारात तोटा मालाच्या खात्यावर पडतो. पगाराच्या नोकरीत तो मुलगा स्वतःच माल असतो, म्हणून तोटा त्याच्या नावावर पडतो. आणि आपण त्याच्या जवळ बसायला जात नाही, कारण त्याने सांगितलेलेच नसते. त्याने सांगितलेले नसते, कारण आपण दर लग्नकार्यात त्याला एकच प्रश्न विचारलेला असतो: "पॅकेज किती?"

हा प्रश्न मीही विचारला आहे. पुतणीच्या लग्नाच्या वेळी स्थळांच्या बायोडाटांची चळत मी स्वतः त्याच आकड्यानुसार लावली होती. आज ते आठवले की मान खाली जाते. कोणत्याही मुलाला काम कसे चालले आहे, झोप लागते का, जेवण वेळेवर होते का, असे विचारता येते. आकडा कळायचा तेव्हा कळतो.

पाचव्या दिवशी सकाळी अकरा वाजता पुतण्या मला पोहोचवायला नाक्यावर आला. कामाचा वार होता, चोहोकडे मेट्रोच्या कामाची धूळ उडत होती आणि ओळखीचे कोणी भेटले असते, तर "आज सुटी का?" असे नक्की विचारले असते. आदल्या दिवसापर्यंत तो या वेळी खाली उतरत नसे. नाशिककडे जाणारी गाडी यायला अवकाश होता. मी त्याला काही म्हणालो नाही. त्यानेच भ्रमणध्वनी काढला आणि लासलगावला लावला. "पप्पा, एक सांगायचे होते," एवढे म्हणून तो पुलाच्या खांबाशी जाऊन उभा राहिला. वाहनांच्या आवाजात मला पुढचे ऐकू आले नाही. तीन-चार मिनिटांनी परत आला, तेव्हा डोळे लाल होते.

"काय म्हणाले भाऊ?"

"आधी काहीच बोलले नाहीत. मग विचारले, घराचा हप्ता किती आहे. मी सांगितला. म्हणाले, दोन हप्ते पाठवतो, आणि चाळीतला कांदा निघाला की इकडे ये, आठ दिवस राहा."

माझा भाऊ आयुष्यात मुलाजवळ याहून मोठे प्रेमाचे वाक्य बोलला नसेल. गाडी आली. चढताना मी पिशवीतल्या बायोडाटाच्या उरलेल्या तीन प्रती पुतण्याच्या हाती दिल्या आणि म्हणालो, "कोणाला देऊ नकोस. फक्त त्याच्याशी तासभर बोल. तुझ्या या चार महिन्यांविषयी सांग त्याला." पुतण्याने मान हलवली. साकेतच्या पुलावर मागे वळून पाहिले, तर त्या इमारतींच्या रांगेत अठ्ठाविसावा मजला कोणता, ते मला ओळखता आले नाही.